वऱ्हाड देऊन नगर राखणारी चांदबीबी

नरनाळा आणि गाविलगडाच्या तटांवरून वऱ्हाडचा इतिहास वाचताना एका राणीचे नाव टाळता येत नाही. ती वऱ्हाडची नव्हती. मात्र या प्रांताचे भवितव्य तिच्याच एका निर्णयाने बदलले. ती राणी म्हणजे चांदबीबी. युरोपात प्रबोधनाचे युग ऐन भरात असताना, स्कॉटलंडची राणी मेरी वधस्तंभाकडे चालत गेली त्याच काळात, दख्खनेत या शाहजादीच्या वाट्याला तितकेच दुर्दैवी आयुष्य आले.

अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही कन्या. विजयनगरविरुद्ध दख्खनी सुलतानांची एकजूट व्हावी म्हणून तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला. सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला आणि १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. १५८० मध्ये पतीची हत्या झाली. गादीवर आलेला पुतण्या इब्राहीम अवघ्या नऊ वर्षांचा होता. राज्यकारभाराची धुरा चांदबीबीने सांभाळली. पण दरबारी कारस्थानांनी तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात बंदिवासात टाकले. सुटकेनंतर यथावकाश ती माहेरी परतली.

माहेरही अस्वस्थच होते. १५७४ मध्ये तिचा भाऊ मुर्तजा निजामशहा याने तुफालखानाचा पाडाव करून अचलपूरच्या इमादशाहीचे वऱ्हाड जिंकले होते. मात्र १५९५ मध्ये वारसाहक्काचा कलह पेटला. मियान मंजू या सरदाराने अकबरपुत्र मुरादला मदतीसाठी बोलावले आणि मोगल फौज थेट अहमदनगरच्या तटाला भिडली.

फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंगाने तटाला मोठे खिंडार पडले. बचाव करणारे हतबल झाले असताना चिलखत चढवून, चेहऱ्यावर बुरखा घेऊन आणि हाती तलवार घेऊन चांदबीबी स्वतः खिंडारात उभी राहिली. हल्ला परतवला गेला. रातोरात तट पुन्हा बांधून निघाला. दारूगोळा संपल्यावर तिने तोफांतून सोन्याचांदीची नाणी डागल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते.

तथापि वेढा उठला तो तलवारीने नव्हे, तहाने. बालराजा बहादूरशहाला मान्यता मिळाली आणि त्या बदल्यात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. राजधानी वाचवण्यासाठी संपन्न प्रांताचे मोल मोजले गेले. मुरादने बाळापूरजवळ शहापूर वसवून तेथे तळ दिला. १५९८ मध्ये गाविलगड आणि नरनाळाही मोगलांच्या ताब्यात गेले.

इतकी किंमत मोजूनही शांतता लाभली नाही. १६०० मध्ये शाहजादा दानियालने पुन्हा वेढा घातला. प्रतिकार निष्फळ आहे हे ओळखून चांदबीबीने सन्मानाने किल्ला सोपवण्याची बोलणी सुरू केली. तिच्यावर फितुरीचा आरोप झाला आणि स्वकीयांच्याच जमावाने महालात शिरून तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बहादूरशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

निजामशाहीची झुंज पुढे मलिक अंबरने चालू ठेवली. नगरजवळच्या डोंगरावरील वास्तू चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. जिने नगर राखले, तिच्या नावावर दुसऱ्याची कबर आली. वऱ्हाडात मात्र तिची खूण कोणत्याही इमारतीत नाही. मोगल सुभा म्हणून सुरू झालेल्या या प्रांताच्या नव्या इतिहासाच्या पहिल्या पानावर ती आहे.