न मारता शिस्त लावता येते, हे शंभर वर्षांपूर्वी दाखवून देणारी ‘मिशीवाली आई’

गुजरातमध्ये एका मिशीवाल्या माणसाला लोक चक्क आई म्हणायचे. ‘मूछाळी मा’, म्हणजेच मिशीवाली आई. या माणसाचं नाव गिजुभाई बधेका.

१८८५ साली सौराष्ट्रातल्या चितळ गावात त्यांचा जन्म झाला. १९०७ मध्ये ते कामधंद्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेले. परत आल्यावर मुंबईत कायदा शिकले आणि वकिली करू लागले. शाळा, मुलं या विषयांशी तसा काहीच संबंध नव्हता.

मग १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि प्रश्न पडला, याला शिकवायचं कुठे? तेव्हाची शाळा म्हणजे घोकंपट्टी आणि छडी. उत्तर शोधता शोधता ते मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांपर्यंत पोहोचले. १९१६ मध्ये वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत रुजू झाले आणि १९२० मध्ये तिथेच त्यांनी बालमंदिर सुरू केलं.

या बालमंदिरात मुलांना शिक्षा नव्हती. आता तुम्ही म्हणाल, मग बक्षिसं देत असतील. तर तेही नाही.

गिजुभाईंच्या मते मार आणि आमिष ही एकाच नाण्याची दोन बाजू होती. मार खाल्लेलं मूल मोठ्यांची पाठ वळेपर्यंतच गप्प बसतं. खाऊच्या लालचेने ऐकणारं मूल खाऊ मिळेपर्यंतच ऐकतं. दोघंही स्वतःला आवरायला शिकत नाहीत.

मग शिस्त लागायची कशी? गाणी, गोष्टी, नाटक, बागकाम, मातीकाम. काय करायचं ते मुलानेच निवडायचं. मन लागेल असं काम हातात असलं की दंगा आपोआप कमी होतो, हा त्यांचा अनुभव होता.

हे सगळं सोपं आहे, असा त्यांचा दावा मात्र नव्हता. त्यांच्या गाजलेल्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातल्या शिक्षकाची पहिल्याच दिवशी फजिती होते. तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो आणि वर्गात गोंधळ माजतो. पण तो छडी शोधत नाही, स्वतःची पद्धत बदलतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि तीच मुलं कान टवकारून बसतात.

याच भावनगरमध्ये गिजुभाईंसोबत काम केलं ताराबाई मोडक यांनी. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी हे काम महाराष्ट्रात बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेलं.

१९३९ मध्ये गिजुभाई गेले. शाळेत मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं यावर देशभर बंदी आली ती थेट २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. पण हा कायदा शाळेपुरता आहे. घरात हात उगारायचा की गोष्ट सांगायची, हे आजही आईबाबांनाच ठरवावं लागतं.