सार्वजनिक काका

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली. कोर्टकचेरीचे मला काय कळणार! पण सार्वजनिक काकांची हकीकत वाचली आणि ती आपल्या भगिनींना सांगावीशी वाटली.

गणेश वासुदेव जोशी हे त्यांचे नाव. जन्म 1828 चा, साताऱ्याचा. पुढे ते पुण्यात वकील झाले. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या, त्यांतून 2 एप्रिल 1870 रोजी पुण्याची सार्वजनिक सभा निघाली. तिचा एक नियम मला फार आवडला. सभासद व्हायचे तर निदान 50 माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे बोलणारा नुसता आपल्या मनचे बोलत नसे. आरंभीच्या 95 सभासदांमागे अशी 6000 माणसे होती. काका या कामात इतके बुडाले की लोकांनी त्यांचे नावच सार्वजनिक काका ठेवले.

त्या काळी गरीब कुणबी कोर्टाला भिई. सावकाराने दावा लावला, समन्स आले, तरी हा तारखेला जात नसे. जाण्यायेण्याला पैसा, वकिलाला पैसा, स्टँपाला पैसा. मग एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन जाई. 1875 साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, त्यामागे हाही राग होता. आम्हाला हे नवे नाही. माझ्या सासूबाईंनी बांधाच्या दाव्याची नोटीस, वाचता येत नाही म्हणून, फडताळात घालून ठेवली होती. ती सापडली तेव्हा निकाल होऊन गेला होता.

काकांनी पुण्यात लवाद कोर्ट काढले. पंचांचा निवाडा मान्य करू, असे दोन्ही पक्षांनी लिहून द्यायचे, आपली बाजू सांगायची, कागद दाखवायचे, आणि जाणत्या पंचांनी निवाडा करायचा. भांडणे वाढली तर वकिलाचेच घर भरते. या वकिलाने ती मिटवण्याची सोय केली! आता लोकअदालत असते. तिथे दावा तडजोडीने मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. आणि 1987 च्या कायद्याने आपणा स्त्रियांना, घरची मिळकत कितीही असो, दाव्यात तथ्य दिसले तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे?

काकांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी बायकांसाठी स्त्रीविचारवती सभा काढली होती. काका स्वतः खादी वापरीत; 1877 च्या दिल्ली दरबारालाही ते खादीच्याच वेषात गेले.

1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात खटला झाला. सरकारच्या धाकाने वकील पुढे येईनात, तेव्हा काकांनी ते वकीलपत्र घेतले. त्याच साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि नुसत्या खतावर न जाता कर्जाचा मूळ हिशेब पाहणे कोर्टावर आले. पुढच्या वर्षी, 25 जुलै 1880 रोजी, काका वारले.