रोह्याचे गव्हर्नर आणि आपली पतपेढी

कॉलेजला ॲडमिशन झाली की बहुतेकांचं पहिलं बँक अकाउंट उघडतं. स्कॉलरशिप त्यात जमा होते, यूपीआय त्याला जोडलं जातं आणि विषय संपतो. घरात मात्र आईची आरडी गावातल्या पतपेढीत असते. बाबांनी गाडीसाठी काढलेलं कर्ज ऑफिसमधल्या पगारदार सोसायटीचं असतं. मग प्रश्न पडतो, एवढ्या बँका असताना पतपेढी कशाला?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच रायगडमधल्या एका माणसाच्या आयुष्यातून बऱ्यापैकी मिळतं. रोह्याच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे आणि एकेकाळी देशाच्या नोटांवर त्यांची सही होती. ते म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख, अर्थात सी. डी. देशमुख.

१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. वडील वकील होते आणि लहानपण रोह्यात गेलं. हा मुलगा अभ्यासात किती पुढे असावा? १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच पटकावली. पुढे केंब्रिजला जाऊन विज्ञान शिकला, तिथे वनस्पतिशास्त्रात बक्षीस मिळवलं. १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेतही तो पहिलाच होता.

नोकरी सुरू झाली मध्य प्रांतात. सेटलमेंट अधिकारी म्हणून जमिनींचा सारा ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं. कुणाची जमीन किती, पीक किती, सरकारला देणं किती, हे सगळं गावागावांतून समजून घ्यायचं होतं. शेतकऱ्याचं घर कशावर चालतं, हे त्यांनी अशा कामातून पाहिलं.

त्या काळी घर चालायचं सावकाराच्या पैशावर. पेरणीला कर्ज, लग्नाला कर्ज, आधीचं कर्ज फेडायला पुन्हा कर्ज. १८७५ साली पुणे आणि नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाची कागदपत्रं जाळली होती. सरकार हललं, पण सावकाराला पर्याय काय, याचं उत्तर यायला १९०४ साल उजाडलं. तेव्हा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. कल्पना जर्मनीतून आलेली. तिथल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या पतपेढ्या काढल्या होत्या. अमेरिका-कॅनडात अशाच संस्थांना क्रेडिट युनियन म्हणतात.

या संस्थांचं सूत्र साधं आहे. बँकेत आपण ग्राहक असतो, पतपेढीत सभासद. शेअर घेतला की आपण मालकांपैकी एक. एका सभासदाला एकच मत, मग कुणाचे शेअर दहा असोत की हजार. ठेवी सभासदांच्या, कर्जही सभासदांनाच आणि नफा उरला तर लाभांशाच्या रूपाने पुन्हा सभासदांकडेच. कर्ज देणारा आपल्याला ओळखतो आणि जामीन राहणारेही ओळखीतलेच. त्यामुळे मोठी बँक ज्याचा अर्ज बाजूला ठेवेल, अशा छोट्या दुकानदाराला किंवा कामगाराला इथे पैसे मिळू शकतात.

देशमुख १९३९ साली रिझर्व्ह बँकेशी जोडले गेले आणि ऑगस्ट १९४३मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांची पायाभरणी तिथेच झाली. पण घरची परिस्थिती बिकट होती. युद्धाच्या काळात छोट्या बँका भराभर उघडल्या होत्या आणि त्यातल्या अनेक बुडतही होत्या. बँकांचे हिशोब कुणीतरी तपासायला हवेत, या दिशेने देशमुखांच्या काळात पावलं पडली. १९४६ साली वटहुकमाने रिझर्व्ह बँकेला तपासणीचा अधिकार मिळाला आणि १९४९ साली बँकिंगचा स्वतंत्र कायदा आला. एक गोष्ट मात्र राहिली. सहकारी बँका या कायद्याच्या बाहेर होत्या. त्या कायद्याखाली आल्या थेट १९६६ साली.

१९५० साली देशमुख देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२च्या निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, लोकसभेवर निवडून गेले. याच काळात रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावं. १९५४ साली अहवाल आला आणि आकडे डोळे उघडणारे होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सावकारांचा वाटा जवळपास ७० टक्के होता. सहकारी संस्थांचा सुमारे ३ टक्के. आणि व्यापारी बँकांचा? एक टक्काही नाही.

म्हणजे बँका होत्या, पण गावात पोचल्याच नव्हत्या. सहकारी संस्था गावात होत्या, पण अशक्त होत्या. पाहणी समितीने सहकार नापास ठरवला, पण शाळेतून काढून टाकला नाही. उलट त्याला बळ द्यायला सांगितलं. १९५५ साली देशमुख अर्थमंत्री असताना इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायची जबाबदारी तिच्यावर आली. सहकारी कर्जासाठी रिझर्व्ह बँकेत वेगळा निधीही उभा राहिला. बँक की पतपेढी, असा वाद सरकारने घातला नाही. दोन्ही लागतील, असं ठरवलं.

जुलै १९५६मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय त्यांना पटला नाही. त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद त्यांनी सांभाळलं, मेघदूत मराठीत आणलं. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण रोह्याहून पनवेलच्या गाडीत बसलं की नागोठणे, कासू मागे टाकून पेण येतं. तिथे ही गोष्ट पुन्हा सुरू होते. सप्टेंबर २०१०मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बोगस कर्जखात्यांचं प्रकरण बाहेर आलं आणि लाखाहून जास्त ठेवीदारांचे पैसे अडकले. पुढची कित्येक वर्षं मोर्चे, अर्ज आणि कोर्टाच्या तारखांत गेली. पैसे गावातले, संचालक गावातले आणि फटकाही गावालाच. तेव्हा ठेवीचा विमा होता फक्त एक लाखाचा. फेब्रुवारी २०२०पासून तो पाच लाख झालाय.

आणि हे नीट लक्षात ठेवा. हा विमा बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या. पण पतपेढी ही बँक नव्हे. ती राज्याच्या सहकार कायद्याखाली चालते, रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर नाही. तिथल्या ठेवीला हा पाच लाखांचा विमा लागू नाही.

मग पतपेढी नकोच का? तसं नाही. तिचा फायदा खरा आहे, पण तो मालकीतून येतो आणि मालकाने हिशोब पाहिला तरच टिकतो. पतपेढीला दरवर्षी ऑडिटचा वर्ग मिळतो, अ पासून ड पर्यंत. तो विचारायचा. थकीत कर्ज किती, संचालकांच्या नातेवाइकांना किती दिलं, हे वार्षिक सभेत विचारायचं. ठेवीवर बाजारापेक्षा फारच जास्त व्याज मिळत असेल तर खूश होण्याआधी कारण शोधायचं. सगळी शिल्लक एकाच ठिकाणी ठेवायची नाही.

आपल्याकडे वार्षिक सभेची नोटीस घरी येते आणि रद्दीत जाते. सभेला गेलंच कुणी तर चहा-वडा आणि सगळे ठराव एकमताने मंजूर! रोह्याच्या या माणसाने बँकांची वही उघडून बघायची सवय देशाला लावली आणि पटलं नाही तेव्हा मंत्रिपदावरून उठून नाही म्हटलं. आपल्याला तेवढं करायचं नाहीये. यंदा आईसोबत सभेला जायचं आणि अहवालाचं पान उलटून एक प्रश्न विचारायचा. सभासद असेल तर तो तिचा हक्कच आहे.