बाबासाहेबांची शिष्यवृत्ती



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. मुलीला इतिहासाची किंवा अर्थशास्त्राची गोडी असते आणि पालक विचारतात, आर्ट्स घेऊन पुढे करायचे काय? एम.ए., पीएच.डी.चा खर्च द्यायचा कोणी? प्रश्न खोटा नाही. या अंकात त्याचे उत्तर आम्ही एका चरित्रात शोधत आहोत. ते चरित्र आपल्या इंदूरशेजारीच, महूला सुरू होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या निवृत्तीनंतर कुटुंबाने महू सोडले आणि पुढे ते मुंबईस आले. तेथे शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना तेथेच हेरले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांचा सत्कार झाला, तेव्हा गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजच्या खर्चाची अडचण आली, तेव्हा याच गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि १९१२ साली भीमराव बी.ए. झाले.

मुले हुशार असतातच. पण कोणाकडे, केव्हा आणि काय मागायचे हे सांगणारा कोणी तरी लागतो. केळुसकर गुरुजी नसते तर महाराजांची उदारता आणि भीमरावांची बुद्धी यांची गाठ पडली असती का?

१९१३ साली महाराजांनी त्यांना अमेरिकेस पाठविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. म्हणजे आज आपण ज्याला आर्ट्स म्हणून नाक मुरडतो तेच विषय! त्याच साडेअकरा पौंडांतून ते घरी पैसे पाठवीत, पोटाला चिमटा घेत आणि जुनी पुस्तके विकत घेत. १९१५ साली एम.ए. झाले. १९१६ साली ते लंडनला गेले आणि तेथे अर्थशास्त्र व कायदा असा दुहेरी अभ्यास सुरू केला.

परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास रुजू झाले. मोठ्या पदावर असूनही जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत नाव लपवून राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. मित्रांनीही आसरा दिला नाही. परदेशात शिकून आलेला हा माणूस कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. महाराजांनी शिक्षणाला पैसा दिला होता. त्या शिक्षणाला मान देणारा समाज मात्र अजून तयार व्हायचा होता.

ते थांबले नाहीत. शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तोही जात कळताच बसला. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगारातून पै-पै साठवली. ती शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपयांची उसनवार, इतके जमवून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी., पुढच्या वर्षी बॅरिस्टर. डी.एस्सी.च्या प्रबंधात परीक्षकांनी दुरुस्त्या सांगितल्या तेव्हा हाती पैसे नव्हते. ते मुंबईस परतले, येथून प्रबंध दुरुस्त करून पाठविला आणि १९२३ साली पदवी मिळविली. तो प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता.

स्वतः सोसलेले ते विसरले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी मागास विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाचा आग्रह धरला. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली त्यांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले.

आता आपले काम. पालकहो, एम.ए. करणाऱ्यांना आज युजीसी-नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळू शकते. २०२३ पासून ती दरमहा ३७ हजार रुपये आहे. इतिहास, मराठी, हिंदी, तत्त्वज्ञान, सगळ्या विषयांना ती आहे. जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी, म्हणून तयारी लवकर हवी आणि दुसरा मार्गही हाताशी हवा. मित्रहो, कोणताही अर्ज भरताना मुदत किती, अटी काय आणि मुदत संपल्यावर पुढे काय, हे तीन प्रश्न आधी विचारा.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून बी.ए. झालो. एका शिष्यवृत्तीची माहिती आम्हाला शेवटची तारीख उलटून गेल्यावर मिळाली. सांगणारे कोणी नव्हते. आमच्या मुलांचे तसे होऊ नये म्हणून या सत्रापासून वाचनालयात शिष्यवृत्तीची एक वही ठेवीत आहोत. योजनेचे नाव, अटी आणि शेवटची तारीख त्यात लिहिली जाईल. दर शनिवारी मधल्या सुट्टीत एक शिक्षक त्यासाठी बसतील. माजी विद्यार्थ्यांनी आणि विश्वस्तांनी आपल्या माहितीची भर त्यात जरूर घालावी.

सयाजीराव महाराज होणे सर्वांना शक्य नाही. केळुसकर गुरुजी होणे मात्र आपल्यापैकी कोणालाही शक्य आहे.