डॉ. आनंदीबाई जोशी

कल्याण हे उल्हास नदीच्या खाडीवरचे फार जुने बंदर. सातवाहन राजांच्या काळी येथे उतरलेला माल मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. दुसरी वाट शहापूरकडे वळे आणि माहुलीच्या डोंगराच्या पायथ्याने थळ घाट गाठी. १८६५ साली या थळ घाटातून आगगाडी धावू लागली. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात एक मुलगी जन्मली. तिचे नाव यमुना. पुढे जगाने तिला आनंदीबाई या नावाने ओळखले.

जोशांच्या घराने एके काळी वैभव पाहिले होते. यमुनेच्या बालपणी मात्र त्याला उतरती कळा लागली होती. नववे वर्ष पुरे होताच, १८७४ साली, गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. ते बिजवर होते व वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवीन, हा त्यांचा हट्ट होता. ज्या काळी मुलीने पुस्तक हाती धरले तर घरावर संकट येते असे लोक मानीत, त्या काळी गोपाळराव आपल्या लहानग्या पत्नीपुढे पाटी-पुस्तक ठेवून बसत. तिचे आनंदी हे नाव त्यांनीच ठेवले. मात्र हा गृहस्थ मोठा तऱ्हेवाईक आणि कोपिष्ट होता. अभ्यासात कुचराई झाली तर तो पत्नीवर हातही उगारी. त्याच्या हट्टामुळे आनंदीबाई शिकल्या हे जितके खरे, तितकेच त्या हट्टाचे चटके त्यांनी सोसले हेही खरे आहे.

१८७८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, आनंदीबाई आई झाल्या. मुलगा झाला. आज जी मुलगी शाळेत आठवीच्या वर्गात बसली असती, तिच्या मांडीवर मूल आले. बाळ दहा दिवस जगले. पाचवीची पूजा झाली की घरातली माणसे बारशाची तयारी करू लागतात. पाळणा बांधतात, नाव काय ठेवावे याचा खल करतात. या बाळाच्या बारशाला अजून अवकाश होता, तोच ते गेले.

बाळाला वेळेवर योग्य औषधपाणी मिळाले नाही, हे शल्य आनंदीबाईंच्या मनात कायमचे राहिले. त्या काळी बाळंतिणीची खोली म्हणजे घरातील एक अंधारी, कोंदट जागा असे. दाराला पडदा, आत धुरकटलेली शेगडी आणि सोबतीला सुईण. सुईण अनुभवी असे, मायाळूही असे. पण तिचे ज्ञान ऐकीव. गावात शिकलेला डॉक्टर असलाच तर तो पुरुष, आणि त्याला खोलीत येऊ देणे घरातील वडीलधाऱ्यांना रुचत नसे. स्त्री डॉक्टर तर देशात शोधूनही सापडणे कठीण होते. कल्याणसारख्या गजबजलेल्या गावाची ही स्थिती. मग मुरबाड-शहापूरच्या डोंगराळ मुलखातील पाड्यांवर काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तेथे वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती. पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहत आणि पाडा बाहेरच्या जगापासून तुटून जाई.

नवजात बालके इतकी का दगावत, हे आज आपल्याला ठाऊक आहे. बाळाची नाळ विळ्याने किंवा हाती लागेल त्या पात्याने कापीत आणि जखमेवर राख किंवा शेण लावीत. त्यातून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरत. चार-आठ दिवस बाळ चांगले दूध पिई; मग एकाएकी त्याचा जबडा आवळे, अंग ताठ होई आणि काही दिवसांत खेळ संपे. लोक तो दैवाचा कोप समजत. दुसरे संकट बाळंतज्वराचे. १८४७ साली व्हिएन्ना शहरातील इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने एक साधी गोष्ट करून पाहिली. प्रसूतीच्या वॉर्डात शिरण्यापूर्वी प्रत्येक डॉक्टराने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुतलेच पाहिजेत, असा नियम त्याने घातला. पाहता पाहता बाळंतिणींचे मृत्यू कितीतरी कमी झाले. एवढी मोठी गोष्ट केवळ हात धुण्याने साधते, हे मोठमोठ्या पंडितांनाही पटेना! पुढे १८६७ साली जोसेफ लिस्टर याने जंतुनाशक कार्बोलिक आम्लाच्या उपयोगाविषयी लिहिले आणि हळूहळू जगाचे डोळे उघडले. हे ज्ञान कल्याणच्या माजघरापर्यंत पोहोचायला मात्र अजून पुष्कळ वर्षे लागणार होती.

ज्या आईचे मूल जाते, तिचे दुःख त्या काळी कोणी दुःख म्हणून पाहत नसे. तिच्या पायगुणाला बोल लावीत. तिच्या खाण्यापिण्यातील चुका काढीत. बाळ गेले तरी आईचे शरीर बाळंतिणीचेच असते. दूध येतच राहते, अशक्तपणा असतोच, रात्री झोप लागत नाही. अशा वेळी तिला औषधाइतकीच आपुलकीच्या शब्दांची गरज असते. तेरा-चौदा वर्षांच्या आनंदीबाईंनी हे सारे भोगले. पुष्कळजणी अशा दुःखाने कायमच्या खचून जात. आनंदीबाईंच्या मनात मात्र एक प्रश्न उभा राहिला. स्त्रियांच्या खोलीत जाऊन त्यांच्यावर उपचार करील अशी शिकलेली स्त्री आपल्या देशात का असू नये? आणि दुसरी कोणी नसेल, तर आपणच ती का होऊ नये?

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा हा संसार फिरत राहिला. कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनरी गृहस्थांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची इच्छा कळविली. ते पत्र एका मासिकात छापले गेले. मासिकाचा तो अंक न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला, तोही दंतवैद्याच्या दवाखान्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना. बाईंचे मन हेलावले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठविले आणि दोन खंडांत राहणाऱ्या, परस्परांना कधी न पाहिलेल्या या दोन स्त्रियांत मायलेकींसारखा स्नेह जडला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

अमेरिकेस जाण्याचा बेत पसरला तेव्हा चोहोकडून टीकेचा भडिमार झाला. हिंदू स्त्रीने समुद्र ओलांडायचा, तोही नवऱ्याला मागे ठेवून एकटीने! शेवटी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः उभ्या राहिल्या. वय अठरा वर्षे पुरे व्हायला महिनाभर कमी. समोर देशी आणि युरोपीय प्रतिष्ठितांची दाटी. लोक जे प्रश्न पाठीमागे कुजबुजत होते, तेच एकेक करून त्यांनी उघड मांडले आणि त्यांची इंग्रजीतून शांतपणे उत्तरे दिली. हिंदुस्थानात हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे व तसे शिक्षण येथे नीट मिळत नाही. जाती बाहेर टाकील या भीतीने हे काम सोडता येणार नाही. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले. हा शब्द त्यांनी अखेरपर्यंत पाळला. अमेरिकेत असतानाही त्या लुगडेच नेसत आणि शाकाहारच करीत.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभ्या होत्या. काही महिन्यांनी त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी हे महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले होते. त्याच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी या दूरदेशीच्या मुलीला आधार दिला. फिलाडेल्फियाची थंडी कडक. कल्याणच्या दमट हवेत वाढलेल्या, आधीच अशक्त असलेल्या आनंदीबाईंना ती सोसेना. मध्यंतरी त्यांना घटसर्पानेही गाठले. तरी अभ्यास थांबला नाही.

अखेरच्या वर्षी प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. प्राचीन संस्कृत ग्रंथांत गर्भिणीने कसे राहावे, सूतिकागृह कसे असावे, नवजात बालकाला कसे जपावे याविषयी विस्ताराने सांगितले आहे. अडलेल्या बाळंतपणाचा विचार सुश्रुताने केला आहे. हा वारसा त्यांनी अमेरिकन विद्वानांपुढे मांडला. आपल्या पूर्वजांना ज्या गोष्टी ठाऊक होत्या, त्या माजघरातल्या खोलीपर्यंत का पोहोचल्या नाहीत, हा विचार प्रबंध लिहिताना त्यांना सुचल्यावाचून राहिला नसेल. दहा दिवसांच्या त्या बाळाच्या आईने बाळंतपणाचाच विषय घ्यावा, यात आश्चर्य ते काय?

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही मुद्दाम आल्या होत्या. अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणारी ही पहिली हिंदू स्त्री. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाचे शिक्षण पुरे केले. म्हणजे एकाच वर्षी देशाला दोन लेडी डॉक्टर लाभल्या. कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डावर नेमणूक केली. ज्या गावाहून पहिले पत्र अमेरिकेला गेले होते, तेच गाव आता त्यांची वाट पाहत होते.

परंतु क्षयाने त्यांना आधीच ग्रासले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या, तेव्हा ज्यांनी पूर्वी निंदा केली होती तेही स्वागताला पुढे आले. औषधोपचार झाले, पण गुण येईना. क्षयावर रामबाण औषध तेव्हा जगात कोणापाशीच नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या वॉर्डात त्यांनी एक दिवसही काम केले नाही. एकाही बाळंतिणीची नाडी त्यांना आपल्या देशात डॉक्टर म्हणून पाहता आली नाही. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या आणि मावशींनी त्या न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

काम मात्र थांबले नाही. कोल्हापुरात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी ते उचलले. डॉ. रखमाबाई यांनी लंडनला शिकून सुरत व राजकोट येथील स्त्रियांची सेवा केली. एका शतकानंतर गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले आणि तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २०१५ साली तर ज्या धनुर्वाताने असंख्य पाळणे रिकामे केले होते, तो बाळ-बाळंतिणींचा धनुर्वात भारतात आटोक्यात आल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

आज शहापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे आणि बोलावल्यास रुग्णवाहिका येते. तरीही सह्याद्रीच्या कुशीतल्या काही पाड्यांना रस्ता नाही. अडलेल्या बाईला झोळीत घालून, चिखल आणि ओढे तुडवीत माणसांनी सडकेपर्यंत आणल्याच्या बातम्या या दोन्ही तालुक्यांतून अलीकडच्या वर्षांतही आल्या आहेत. मूल घरी आले म्हणजे गावची आशा कार्यकर्ती तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि पुढे बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येते. ती प्रथम हात धुते. बाळाला तोलते, त्याचे अंग गरम आहे की गार ते पाहते, नाळ कोरडी आहे ना, दूध ओढतो ना, हे विचारते; आणि मग आईकडे वळून तिची विचारपूस करते.