मेरी ॲनिंग

अतिप्राचीन काळच्या महाकाय मांसाहारी सरपटणाऱ्या प्राण्यांत अधिक चपळ कोण व अधिक बलवान कोण, या प्रश्नाचे मुलांस मोठे कुतूहल असते. परंतु जे प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाले, त्यांच्या सामर्थ्याची तुलना करावयाची कशी? त्यांची अश्मीभूत हाडे हेच तिचे मुख्य साधन होय. आणि ती हाडे विद्वानांपुढे आणून ठेवणाऱ्यांत एका गरीब इंग्रज सुताराच्या कन्येचे स्थान फार वरचे आहे.

मेरी ॲनिंग हिचा जन्म २१ मे १७९९ रोजी डॉर्सेट परगण्यातील लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावी झाला. तिची बहुतेक भावंडे बालपणीच दगावली. ती व तिचा भाऊ जोसेफ एवढीच जगली. बाप सुतारकामास जोड म्हणून तेथील कड्यांतून अश्मीभूत शिंपले उकरून प्रवाशांस विकीत असे. आपल्याकडील शाळिग्रामांत ज्या प्राण्यांचे वेटोळे अवशेष दिसतात, त्याच कुळातील हे शिंपले होत. १८१० साली बाप कर्ज मागे ठेवून वारला, आणि हाच व्यवसाय कुटुंबाचा आधार झाला. रविवारच्या शाळेत लिहिण्यावाचण्याचे जे शिक्षण मिळाले, तेवढीच मेरीची विद्या.

१८११ साली जोसेफला एक प्रचंड कवटी आढळली व पुढील वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. त्याची लांबी सुमारे पाच मीटर होती. लोकांस ती सुसर वाटली. विद्वानांनी पुढे या प्राण्यास इक्थिओसॉर, म्हणजे मत्स्यसरट, असे नाव दिले. लांब जबड्यात तीक्ष्ण दात, माशासारखे निमुळते अंग आणि हाडांच्या पट्ट्यांचे कडे असलेला विशाल डोळा, यांवरून तो वेगाने पोहणारा व अंधुक उजेडातही भक्ष्य हेरणारा शिकारी असावा, असे अनुमान निघते.

१८२३ साली मेरीस प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा मिळाला. याचे डोके लहान, मान अतिशय लांब व अंगास चार वल्ह्यांसारखे पाय. वेगात तो मत्स्यसरटाची बरोबरी करू शकला नसता. परंतु एवढ्या लांब मानेमुळे शरीर दूर ठेवूनही त्यास मासे टिपता येत असावेत. ती मान पाहून फ्रान्समधील थोर शरीरशास्त्रज्ञ क्युव्हिए यांस हा सांगाडा बनावट असल्याचा संशय आला. तो खरा ठरता, तर मेरीचा लौकिक व पोटाचा धंदा दोन्ही बुडाले असते. १८२४ च्या आरंभी लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेत या सांगाड्याची चर्चा झाली, तो अस्सल ठरला, व क्युव्हिए यांनीही आपली चूक मान्य केली. मात्र त्या सभेतील निबंधात मेरीचे नावही आले नाही. त्या संस्थेचे सभासदत्व स्त्रियांस १९१९ पर्यंत मिळत नव्हते.

मेरीने हाय खाल्ली नाही. विद्वानांचे निबंध ती हाताने उतरून घेई. मासे व माकूळ स्वतः चिरून त्यांची रचना अभ्याशी. मत्स्यसरटांच्या उदरात सापडणारे चमत्कारिक खडे फोडले असता आत माशांची हाडे व खवले दिसतात, हे तिने हेरले. त्यावरून बकलंड या पंडितांनी ते खडे म्हणजे अश्मीभूत विष्ठा असल्याचे दाखविले. त्या प्राण्यांचे भक्ष्य कोणते, याचा तो प्रत्यक्ष पुरावाच होता. हे काम जिवावरचे होते. १८३३ साली कडा ढासळून तिचा सोबती कुत्रा तिच्या देखत गाडला गेला.

९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, कर्करोगाने तिचे देहावसान झाले. १८५० साली त्याच संस्थेच्या सभासदांनी तिच्या स्मरणार्थ गावच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसविली. २०१० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने विज्ञानावर प्रभाव पाडणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांत तिची गणना केली, व २०२२ साली लाइम रीजिस येथे तिचा पुतळा उभा राहिला.

विद्यार्थी मित्रहो, संग्रहालयात असा एखादा सांगाडा पाहाल, तेव्हा हा प्राणी किती बलवान होता हे अवश्य विचारा. पण त्यास खडकातून कोणाच्या हातांनी बाहेर काढले, हेही विचारण्यास विसरू नका.