काचेवरचे ठिपके

आकाशाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने आकाशाकडे क्वचितच पाहावे, दिवसाउजेडी टेबलाशी बसून भिंगातून काचा न्याहाळाव्यात, आणि तेवढ्यावरून विश्वाचा पसारा मोजण्याची पट्टी जगाच्या हाती द्यावी, ही गोष्ट सांगून खरी वाटणार नाही. हेन्रिएटा स्वान लेव्हिट या बाईंनी नेमके हेच केले. हबल अवकाश-दुर्बिणीचे नाव आज शाळकरी पोरांच्याही तोंडी असते. पण तिला नेमून दिलेल्या मुख्य कामांपैकी एकाचे मूळ लेव्हिटबाईंच्या टेबलावर सापडते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. लॉगॅरिथमचे नाव काढले की पोटात गोळा येतो. तरीही या बाईंविषयी लिहावेसे वाटले, कारण त्यांची कथा गणिताची कमी आणि पाहण्याची अधिक आहे.

लेव्हिटबाईंचा जन्म ४ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लँकेस्टर गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. मुलींना हार्वर्डचे दरवाजे तेव्हा बंद होते. पण शेजारीच मुलींसाठी एक संस्था होती, जी पुढे रॅडक्लिफ कॉलेज म्हणून नावारूपाला आली. तेथे त्यांनी लॅटिन, ग्रीक, ललितकला, तत्त्वज्ञान आणि थोडे गणित असा अभ्यास केला. खगोलशास्त्राशी गाठ पडली ती अगदी शेवटच्या वर्षी. म्हणजे बाई मुळात आपल्याच गोत्रातल्या!

१८९२ साली शिक्षण संपले आणि पुढच्याच वर्षी त्या हार्वर्डच्या वेधशाळेत बिनपगारी काम करू लागल्या. मध्यंतरी युरोपचा प्रवास झाला, काही काळ विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट कॉलेजात कलाविभागात साहाय्यक म्हणून नोकरी झाली. प्रकृती नेहमी नाजूक. आणि कॉलेज सुटल्यानंतरच्या आजारपणापासून कानांनी हळूहळू साथ सोडली. १९०२ साली त्यांनी वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांना पत्र लिहून पुन्हा काम मागितले. पिकरिंगांनी ताशी ३० सेंट देऊ केले. इतर बायकांना साधारण २५ सेंट मिळत, तेव्हा हा मानच समजायचा.

या बायकांना तेथे ‘गणक’ म्हणत. रात्री दुर्बिणीशी उभे राहून फोटो घ्यायचे ते पुरुषांनी. त्या फोटोंच्या काचा दिवसा तपासायच्या, ताऱ्यांची तेजस्विता ठरवायची, आकडे वहीत उतरवायचे ते बायकांनी. काचेवर सारे उलटे असते: आकाश पांढरे, तारे काळे. जणू कोणी कागदावर मिरपूड उधळली आहे. लेव्हिटबाईंच्या वाट्याला रूपविकारी तारे आले, म्हणजे ज्यांचा प्रकाश कमीजास्त होतो असे तारे. एका रात्रीची काळ्या ताऱ्यांची काच आणि दुसऱ्या रात्रीची उलटवलेली, पांढऱ्या ताऱ्यांची काच एकमेकींवर ठेवायची. जेथे काळा ठिपका पांढऱ्याने नेमका झाकला जात नाही, तेथे काहीतरी बदलले आहे. असे लक्षावधी ठिपके. आयुष्यभरात त्यांनी सुमारे २,४०० रूपविकारी तारे शोधून काढले.

यातल्या पुष्कळ काचा दक्षिण अमेरिकेतून, पेरूमधल्या अरेक्वीपा येथील हार्वर्डच्या ठाण्यावरून बोटीने येत. त्यांवर मॅगेलनी मेघांचे फोटो असत. लेव्हिटबाईंच्या गावावरून हे मेघ कधीच क्षितिजावर येत नाहीत. (आपल्या महाराष्ट्रातूनही त्यांपैकी छोटा मेघ जवळजवळ दिसत नाहीच.) खिडकीतून कधीही न दिसणाऱ्या आकाशाचा तुकडा बाईंनी काचेवर मात्र तळहातावरच्या रेषांसारखा पाठ केला. १९०८ साली त्यांनी या दोन मेघांतल्या १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. शेवटी १६ ताऱ्यांचे एक लहानसे कोष्टक होते आणि त्याखाली सहज केल्यासारखी एक नोंद: जे तारे अधिक तेजस्वी, त्यांचा आवर्तकाल अधिक लांब.

या नोंदीत एवढे काय आहे, ते माझ्या मनाला पटेपर्यंत मला बराच वेळ लागला. समजा, रात्री आपण घाटमाथ्यावर उभे आहोत आणि खाली दूर एका वाडीत दिवे लागले आहेत. वाडीतले सगळे दिवे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. तेव्हा त्यांत ठळक दिसते ती गॅसबत्ती आणि मिणमिणते ती चिमणी, हे छातीठोकपणे सांगता येईल. पण वाटेवर कोणी हातात चिमणी घेऊन जवळच उभा असेल, तर तीही गॅसबत्तीएवढी दिसेल आणि आपण फसू. आकाशात हीच पंचाईत होती. मंद दिसणारा तारा खरोखर मंद की नुसता दूर, हे कळायला मार्ग नव्हता. छोटा मॅगेलनी मेघ ही बाईंची वाडी. तेथले तारे सारख्याच अंतरावर असल्यामुळे दिसण्यातला फरक हा खरा फरक होता. आणि त्यांच्या ध्यानात आले की दिव्याच्या लुकलुकण्याच्या वेगावरूनच तो चिमणी आहे की गॅसबत्ती हे ओळखता येते! एकदा दिव्याची खरी ताकद कळली, की तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढणे हा नुसता हिशोब.

१९१२ साली २५ ताऱ्यांवरून हा नियम पक्का झाला. सर्वांत छोटा आवर्तकाल सव्वा दिवसाचा, सर्वांत मोठा १२७ दिवसांचा. पत्रकावर सही पिकरिंगांची. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केल्याचा उल्लेख मात्र आरंभीच आहे. त्याच पत्रकात बाईंनी एक इच्छा नोंदवली होती. या जातीच्या काही ताऱ्यांचा पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किंचित सरकल्यासारखा दिसतो तो कोन, कोणीतरी मोजावा, म्हणजे मोजपट्टीला शून्याची खूण मिळेल.

हे काम त्यांना स्वतःला पुढे नेता आले नाही, आणि मला या चरित्रात सर्वांत बोचते ते हेच. पिकरिंगांच्या मते वेधशाळेचे काम माहिती गोळा करण्याचे, तर्क लढवण्याचे नव्हे. त्यांनी बाईंना ध्रुवाजवळच्या ताऱ्यांच्या प्रती अचूक ठरवण्याच्या कामाला जुंपले: ९६ तारे, १३ दुर्बिणी, २९९ काचा, ते १९१७ साली पुरे झाले. काम निरुपयोगी होते असे कोण म्हणेल? तेजस्वितेची प्रमाणे ठरल्यावाचून कोणाचेच आकडे खरे ठरले नसते. पण ज्या बाईने दार शोधले तिलाच उंबरठ्याबाहेर बसवून दुसरे दळण दळायला दिले. पुढे हार्वर्डला आलेल्या खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन-गापोश्किन यांनीही हा निर्णय कठोर असल्याचे लिहून ठेवले आहे. बाईंनी तक्रार केल्याचे कुठे आढळत नाही; पण तक्रार आढळत नाही म्हणजे दुःख नव्हते, असे मानायला मी तयार नाही.

दारातून आत गेले ते इतर. हर्ट्‌झस्प्रुंग यांनी १९१३ साली त्या मेघाचे अंतर काढण्याचा प्रयत्न केला. शॅप्ली यांनी गोलाकार तारकागुच्छांची अंतरे काढून सूर्य आकाशगंगेच्या मध्याशी नाही हे दाखवले. आणि १९२३ च्या ऑक्टोबरात माउंट विल्सनवर एडविन हबल यांना देवयानीतल्या अभ्रिकेत याच जातीचा एक तारा सापडला. आवर्तकाल सुमारे ३१ दिवस. हिशोबाने अंतर आले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे (आजच्या मापाने ते २५ लाखांच्या घरात आहे). म्हणजे ती अभ्रिका नव्हे, आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका! ज्या ताऱ्यावरून या जातीला सेफीड हे नाव पडले तो वृषपर्वा तारकासमूहात आहे. ययातीची कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला वृषपर्व्याच्या ताऱ्याने देवयानीचे अंतर मोजले जावे याची गंमत वाटेल. आणखी एक योगायोग असा की त्या ताऱ्याचे रूपविकारित्व १७८४ साली ओळखणारा जॉन गुडरिक हा तरुणही बहिराच होता.

लेव्हिटबाई हे पाहायला नव्हत्या. १२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या चीजवस्तूंची किंमत भरली सुमारे ३१५ डॉलर. १९२५ साली स्वीडनचे गणिती मिट्टाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी सुचवण्याच्या हेतूने त्यांच्या नावे पत्र धाडले, तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षे उलटली होती.

१९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली, १९९३ अखेर तिची सदोष दृष्टी दुरुस्त झाली, आणि १९९४ साली एम १०० या दीर्घिकेतले २० सेफीड हेरून तिचे अंतर ५ कोटी ६० लाख प्रकाशवर्षे असल्याचे वेंडी फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले. अशा अनेक दीर्घिकांवरून २००१ साली विश्वप्रसरणाचा वेग ठरला: दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ७२ किलोमीटर. या मंडळींनीही दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. वेगवेगळ्या दिवशी घेतलेली चित्रे शेजारी ठेवून कोणता ठिपका बदलला ते शोधायचे, पद्धत तीच! पराशयाची ती इच्छाही फळाला आली. हबलने २००२ साली खुद्द वृषपर्व्यातल्या त्या ताऱ्याचा पराशय मोजला, आणि पुढे गाया या उपग्रहाने तर २०१४ ते २०२५ या काळात अशा ताऱ्यांची रासच मोजली. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून मात्र प्रसरणाचा वेग ६७ च्या आसपास येतो, सेफीडांवरून ७३. जेम्स वेब दुर्बिणीने हबलचे सेफीड पुन्हा तपासले. मोजमापात मोठी चूक निघाली नाही. भांडण मिटलेले नाही.

हार्वर्डच्या चार लाखांहून अधिक काचा आता संगणकात उतरवल्या गेल्या आहेत. यंत्राला तारे स्वच्छ दिसावेत म्हणून काचांवरच्या शाईच्या खुणा, गणक बायकांनी केलेली वर्तुळे, बाण, आकडे, पुसाव्या लागल्या. काहींना ते रुचले नाही. पुसण्यापूर्वी प्रत्येक काचेचा तिच्या खुणांसकट फोटो मात्र काढून ठेवला जाई.